दोनशे बारावा

“दोनशे अकरा नाहीत, दोनशे बारा,” मेजर म्हणाले आणि त्यांनी पेपरातल्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

त्यांच्या लेकीने मान वर केली नाही. वडिलांच्या हातात लाल पेन्सिल असताना मान वर करायची नसते, हे ती शाळकरी असतानाच शिकली होती. आत्ताच त्यांनी हवामान खात्याला फैलावर घेतले होते. ‘तुरळक सरींची शक्यता’ म्हणजे पाऊस पडला तरी आम्ही खरे आणि नाही पडला तरी आम्हीच खरे, असे त्यांचे म्हणणे. त्याखाली पुलाच्या पाहणीचा फोटो होता. त्यात अकरा माणसे एका भेगेकडे बघत उभी होती. मेजरांनी समासात लिहिले, ‘भेग बिचारी लाजली असेल.’ आठ तासांची झोप चांगली असते असा शोध कुठल्याशा विद्यापीठाने लावला होता. त्याच्या बाजूला नुसते ‘अरे वा’.

मेजर हे काही मेजर नव्हते. फौजेत ते शिपाई म्हणून गेले आणि शिपाई म्हणूनच परत आले, फक्त जाताना दहा बोटे होती आणि येताना आठ. पुढे त्यांनी सव्वीस वर्षे टपाल कचेरीत पत्रे निवडली, डाव्या हाताने. मेजर ही पदवी गल्लीने दिलेली. बायको जाऊन सहा वर्षे झाली होती. लेक प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिने लग्न केले नव्हते, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मत असलेल्या मेजरांनी या एका बाबतीत आजवर तोंड उघडले नव्हते. त्यासाठी ती त्यांना बाकीचे सगळे माफ करत असे.

बोटांची गोष्ट मात्र विचारणारा बघून बदलायची. सलूनवाल्याला त्यांनी सांगितले होते की ती सरकारकडे नमुन्याला पाठवलीत, अजून उत्तर नाही. लेकीच्या वर्गातल्या पोरांना सांगितले की नाकात घालायची खोड होती, म्हणून गेली. खुद्द लेकीने लहानपणापासून सात वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या. सातवीनंतर तिने विचारणे सोडून दिले.

आजची बातमी आतल्या पानावर चार ओळींची होती. नदीपलीकडच्या कुरणात चाळीस वर्षांपूर्वीच्या लढाईत पेरलेले सगळे, म्हणजे दोनशे अकरा सुरुंग काढून झाले आहेत. कुरण निर्धोक आहे. येत्या गुरुवारी ते मुलांना खेळायला खुले होईल. उद्घाटनाचे गाणे म्हणायला लेकीचाच पहिलीचा वर्ग जाणार होता.

“ती पेरणी आमची आहे,” मेजर म्हणाले. “सतरा-सतराच्या बारा ओळी आणि शेवटी आठ. एक आत राहिलाय. पोरांना नेऊ नकोस.”

“बाबा, मागच्या महिन्यात म्हणालात पुलावरून जाऊ नकोस. त्याच्या आधी लिफ्टनं जाऊ नकोस.”

“लिफ्ट पडलीच की.”

“बंद पडली. पडली नाही.”

ती हसत म्हणाली खरी, पण हसणे लगेच आवरून तिने त्यांच्याकडे निरखून पाहिले. ते पाहणे मेजरांना ओळखीचे झाले होते. दोन आठवड्यांपूर्वी घराची किल्ली फ्रिजमध्ये सापडली, तेव्हापासून ती असे पाहत होती. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतली होती. रक्तदाबासाठी, असे ती म्हणाली. रक्तदाबाच्या डॉक्टरला ‘आज वार कोणता’ हे कशाला विचारावे लागते, हे मेजरांना कळत होते.

दोनशे बारा खरे असतील तर एक सुरुंग कुरणात होता. खोटे असतील तर बिघाड आपल्या डोक्यात होता. यातले पहिलेच खरे निघावे असे मेजरांना क्षणभर वाटले आणि मग त्या वाटण्याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्या कुरणात साठ पोरे धावणार होती.

लेक शाळेला गेल्यावर त्यांनी पेपरच्या कचेरीत फोन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असे एक बाई गाण्याच्या मधून मधून सांगत राहिली. “मग उचला,” मेजर तिला म्हणाले. शेवटी वाचकांची पत्रे बघणारा गृहस्थ फोनवर आला. तो त्यांना एकोणीस वर्षे ओळखत होता. मेजर, आज कुठलं पान, असे त्याने आपुलकीने विचारले. मेजरांनी पान सांगितले, आकडा सांगितला, ओळी सांगितल्या. कळवतो, म्हणाला. पलीकडे कागदाची काही सळसळ ऐकू आली नाही.

लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट लेक दर वर्षी वर्गात सांगायची. मेजरांना ती त्या दिवशी फार लागली. त्या पोराचे आधीचे लांडगे निदान खोटे तरी होते. त्यांचे सगळे खरे होते, फक्त बारीक होते. तारीख चुकली, पदवी चुकली, नदीची लांबी चुकली. एकोणीस वर्षे त्यांनी उंदीर दाखवून गाव गोळा केले होते आणि आता गावाला झोप लागली होती.

मंगळवारी ते जेवले नाहीत. लेकीने एकदा विचारले, दोनदा विचारले, मग ताट झाकून ठेवले. बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि म्हणाली, “चला बाबा. त्या लोकांनाच विचारू.”

कुरणाच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. सुरुंग काढणाऱ्या तुकडीचे सामान बांधून होत आले होते. पलीकडे झोपाळे बसवून झाले होते आणि त्यांच्या खांबांवर ‘रंग ओला आहे’ अशा पाट्या होत्या. तुकडीची प्रमुख एक तरुण बाई होती, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेली. मेजर स्वतःचे हसे करून घ्यायची तयारी ठेवूनच आत गेले होते. दोन वाक्ये झाली तरी बाई हसली नाही. तिने त्यांना खुर्ची दिली आणि खिशातून पेन काढले.

“किती म्हणालात?”

“दोनशे बारा.”

“मोजत कोण होतं?”

चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मेजर जरा सावरून बसले. “मी. तो लावायचा आणि आकडा ओरडायचा. मी आकडा परत म्हणायचो आणि वहीत लिहायचो. दोघांचा जुळला तरच पुढचं पाऊल.”

“आम्ही पण तसंच करतो,” बाई म्हणाली, “फक्त उलटं. तो म्हणजे कोण?”

“गवंडी.”

लेकीने वडिलांकडे पाहिले. हे नाव तिने कधीच ऐकले नव्हते. मग मेजर सांगत गेले, सुरुंगांविषयी कमी आणि गवंड्याविषयी जास्त. फौजेत यायच्या आधी तो भिंती बांधायचा. दोरी लावल्याशिवाय तो ओळ धरत नसे. ओळ वाकडी झाली तर वरचा साहेब काही म्हणाला नसता, पण गवंडी जमिनीलाच शिव्या घालायचा. जे काम कुणाच्या नजरेस पडू नये अशीच आशा करायची, ते काम तो दुसऱ्या दिवशी घरभरणी असल्यासारखे करायचा. मेजर हे सांगताना हसत होते.

बाईने एका पेटीतून जुन्या वहीची प्रत काढली आणि शेवटचे पान त्यांच्यापुढे ठेवले. ओळीमागून ओळी, उजवीकडे झुकलेले रेखीव अक्षर. मेजरांना स्वतःचे जुने अक्षर बघून बरे वाटले. शेवटच्या ओळीत आठ आकडे होते आणि आठवा दोनशे बारा होता. त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि लेकीकडे पाहिले.

बाईने पानाच्या तळाशी हात नेला. तिथे आणखी एक नोंद होती. अक्षरे एकमेकांवर कोसळलेली, रेघ सोडून खाली घसरलेली.

‘क्र. २१२ लावताना फुटला. जमिनीत २११. लावणारा जागीच ठार.’

“हे माझं अक्षर नाही,” मेजर म्हणाले.

लेक पुढे वाकली. पंधरा वर्षे तिने सहा-सहा वर्षांच्या पोरांचे हात धरून अक्षरे गिरवून घेतली होती. तिने ती नोंद एकदा वाचली आणि मग नुसती पाहत राहिली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हे डाव्या हाताचं आहे. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याचं.”

बाहेर कुणीतरी झोपाळ्याची साखळी ओढून बघत होते.

मेजरांना तो दवाखाना आठवला. तिसरा दिवस होता. साहेबाने पलंगावर वही उघडून ठेवली होती आणि नोंद पुरी करायला सांगितले होते, कारण नियम नियम असतो. उजव्या हाताला बोचक्याएवढे बँडेज होते. मग त्यांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली. हे सगळे त्यांना माहीत होते. गवंडी गेला हे ते एक दिवसही विसरले नव्हते. पण झोप लागत नसली की ते अंथरुणात ते कुरण पहिल्या ओळीपासून मोजायचे. शेवटच्या ओळीत गवंडी आठवा आकडा ओरडायचा, ते परत म्हणायचे, जुळायचे. तिथे मोजणी संपायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू व्हायची. त्या आकड्याच्या पुढे ते चाळीस वर्षांत एकदाही गेले नव्हते.

“त्यानं आकडा ओरडला होता,” ते बाईला म्हणाले. “मी परत म्हणालो होतो. म्हणजे झाला ना तो.”

“झाला,” बाई म्हणाली. “आम्ही पण दोनशे बाराच धरले होते. एक कमी पडला म्हणून पंधरा दिवस जास्त शोधलं. मग ही ओळ नीट लागली.”

तिने त्यांना दारापर्यंत सोडले आणि निघताना सलाम केला, तसा तो करायचे काही कारण नव्हते.

परतीच्या बसमध्ये मेजरांनी उजवा हात मांडीवर उघडाच ठेवला. लेक आता विचारणार, अशी त्यांची खात्री होती आणि आठवी गोष्ट त्यांच्याकडे तयार नव्हती. बरीच वाट गेल्यावर तिने एकच विचारले.

“पेन्सिल या हातात होती?”

“हो,” मेजर म्हणाले. “लिहीत होतो.”

गुरुवारी पोरांनी गाणे म्हटले. सूर कुणाचाच कुणाशी जुळत नव्हता, आणि मेजरांनी त्यावर मत दिले नाही. गाणे संपताच साठच्या साठ जणांनी ओळ मोडून कुरणात धूम ठोकली. मेजर कठड्याला धरून शेवटचे पोर परत येईपर्यंत उभे होते. शुक्रवारी डॉक्टरांनी वार विचारला, त्यांनी वार सांगितला, वर तारीख आणि भिंतीवरचे कॅलेंडर एक महिना मागे असल्याचेही सांगितले. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या.

त्या रात्री त्यांनी पेपरला पत्र लिहिले. एकोणीस वर्षांत प्रथमच त्यात चूक दाखवलेली नव्हती. आपली दोनशे अकराची बातमी बरोबर आहे, असे त्यांनी लिहिले. दोनशे बारावा लावताना फुटला होता. तो लावणाऱ्या माणसाने एकही ओळ वाकडी जाऊ दिली नाही, म्हणून बाकीचे सगळे सापडले. शेवटच्या वाक्यात त्यांनी त्या माणसाचे नाव लिहिले. गवंडी नव्हे, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह पूर्ण नाव.

पत्र पुढच्या रविवारी छापून आले. ‘जाणत्या वाचकाची शाबासकी’ असे वर ठळक अक्षरांत होते. मेजरांनी ते उभ्यानेच वाचले, मग बसून वाचले. शेवटचे वाक्य नव्हते. त्या जागी कंसात, मुंगीएवढ्या टायपात, ‘जागेअभावी संक्षिप्त’ असे होते. खालचे अर्धे पान गाद्यांच्या जाहिरातीने व्यापले होते आणि त्यात आठ तासांच्या झोपेची हमी दिली होती.

लेक टेबलाच्या पलीकडे चहा घेत होती. एरवी या जाहिरातीवर निदान दहा मिनिटे निघाली असती. मेजरांनी चष्मा पुसला आणि लाल पेन्सिल उचलली, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मान वर केली. कप बाजूला ठेवून ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

मेजर डाव्या हाताने एकेक अक्षर लिहू लागले. नाव लांबलचक होते आणि समास अरुंद. कागद सरकू नये म्हणून लेकीने तो दोन बोटांनी दाबून धरला.