आधी माझे केस विंचर

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. लगेच नाक मुरडू नका! मी न्हाव्याच्या दुकानातली, गोल फिरणारी, पायाने दांडा दाबला की वर जाणारी खुर्ची आहे. ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथला कारागीर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "ही काही लवकर हलत नाही." चाळीस वर्षं झाली, मी एकाच आरशासमोर उभी आहे. त्याचा शब्द मी पाळला.

माझ्यात बसणाऱ्याचा चेहरा मला नुसता आरशात दिसतो, त्याची तर माझ्याकडे पाठ असते. पण त्याचे हात माझ्या हातांवर असतात ना! नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्याचे तळवे ओले असतात. घरून भांडून आलेला बोटांनी ताल धरतो. भीती वाटली की माणूस मला घट्ट आवळतो. हे मी हळूहळू शिकले. माझे मालक मात्र हे आईच्या पोटातूनच शिकून आले होते.

त्यांना सगळे काका म्हणत. गिऱ्हाईक बसलं की काका क्षणभर आरशात बघायचे आणि बरोबर ओळखायचे. याला बोलायचंय, याला गप्प राहायचंय, याला केस कापायचे नाहीत, नुसतं कुणीतरी डोक्यावरून हात फिरवायला हवाय. लहान मुलांसाठी ते माझ्या दोन हातांवर फळी टाकत. मूल रडायला लागलं की कंगवा त्याच्याच हातात देत आणि डोकं पुढे करून म्हणत, "आधी तू माझे केस विंचर." काकांच्या डोक्यावर मोजून वीस केस! मूल खुदकन हसायचं, आणि माझ्यावरची पकड सुटायची. काय रुबाब होता तेव्हा आमचा! लोक दुसरं दुकान ओलांडून आमच्याकडे येत.

मग काहीतरी बिनसलं. कधी, ते मला नेमकं सांगता येणार नाही.

शाळेतले मोठे सर केस काळे करायला नेहमी दुकान बंद असताना येत. हे गुपित काकांनी वीस वर्षं पोटात ठेवलं होतं. एकदा भरल्या दुकानात काका म्हणाले, "सर, रंग उडाला की तुमचा! या परत रविवारी." सगळे हसले. सरांनी मला आवळलं, आणि मग त्यांचे हात अगदी गळून गेले. काकाही हसत होते. ते सर पुन्हा आले नाहीत.

पोस्टमनची बायको वारली. पंधरा दिवसांनी तो दाढीला आला आणि बसल्या बसल्या रडू लागला. वस्तरा गळ्याशी होता. काका म्हणाले, "मान हलवू नकोस. रडल्याने मान हलते." एवढंच. अहो, हाच का तो माणूस?

लोक म्हणू लागले, म्हातारा माजलाय. काकांची लेक शेजारच्या खुर्चीवर काम करायची. तीही चिडली. "बाबा, तुम्हाला माणसांची काही पडलीच नाही का?" असं म्हणून तिने आठ दिवस अबोला धरला. पण मित्रांनो, समोरच्याने अबोला धरलाय हे कळायलाही त्याच्या मनात डोकवावं लागतं. काका मजेत शीळ घालत होते. नवव्या दिवशी तीच रडली, तर त्यांनी विचारलं, "डोळ्यात साबण गेला का गं?"

गिऱ्हाईक आटलं. माझं रेक्झिन फाटलं, आतला काथ्या बाहेर आला, पण माझ्याकडे बघतो कोण! मला माझी काळजी नव्हतीच. मी रोज एकाच गोष्टीला भ्यायचे, ती म्हणजे काकांच्या हातातला वस्तरा.

आणि तो दिवस आलाच. एका बाईने आपल्या चार वर्षांच्या मुलीला फळीवर बसवलं. मुलगी रडू लागली. मी वाट पाहत होते, की आता काका कंगवा देतील. त्यांनी एका हाताने तिचं डोकं गच्च धरलं आणि कात्री कानाशी नेली. त्या इवल्या नखांनी माझी गादी ओरबाडली. मुलगी किंचाळत होती आणि काकांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूसही नव्हता. आरशात मी तो चेहरा पाहिला. ते शांतपणे केस कापत होते. "बाबा!" लेक ओरडली आणि तिने कात्री हिसकावली. कानाला जेमतेम ओरखडा आला. थोडक्यात वाचली पोर.

"काय झालं?" काका म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

लेक त्यांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. मग एका दुपारी त्या बाई स्वतः दुकानात आल्या. म्हणाल्या, "माणसाला त्याच्या कामाच्या जागी बघितलेलं बरं असतं." त्यांनी लेकीला कंगवा डाव्या खणात ठेवायला सांगून बाहेर पाठवलं. ती गेल्यावर काकांच्या डोळ्यांदेखत त्यांनी तो उजव्या खणात टाकला.

"काका, तुमची लेक आत आली की कंगवा कुठे शोधेल?"

"उजवीकडे. आहेच ना तिथे!"

लेक आली. तिने डावा खण उघडला. काका खो खो हसले. "वेडी का काय तू? उजवीकडे आहे, दिसत नाही?"

तिला कसं ठाऊक असणार? पण आपल्याला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसतं, हीच गोष्ट काकांच्या मेंदूतून पुसली गेली होती. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ते निर्दयी झालेले नाहीत. समोरच्याच्या मनाचं दार त्यांना सापडत नाही. हा आजार हळूहळू वाढतो, बरा होत नाही. तुम्हीच मनातलं बोलून सांगत जा."

त्या दिवसापासून वस्तरा, कात्री लेकीकडे गेली. ती सांगू लागली, "बाबा, मी दमलेय. बाबा, मला वाईट वाटतंय." काका कधी मान हलवत, कधी नाही.

गेल्या आठवड्यात तिने काकांनाच माझ्यात बसवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! दाढी करायची होती. वस्तरा उघडला, आणि मित्रांनो, काकांच्या हातांनी मला असं आवळलं की माझे सांधे करकरले. चेहरा मात्र कोरा. दुसऱ्यांच्या मनाचं एवढं चाललं होतं, की काकांच्या मनात काय आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. मी ओरडून सांगणार तरी कशी?

पण लेकीचं लक्ष त्या हातांकडे गेलं. शेवटी ती काकांचीच लेक. तिने वस्तरा मिटला, त्यांच्या हातात कंगवा दिला, आणि समोर बसून डोकं पुढे केलं.

"बाबा, आधी तुम्ही माझे केस विंचरा."

काका विंचरत राहिले. खूप वेळाने म्हणाले, "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते, बाबा," ती म्हणाली.

म्हणून सांगते मित्रांनो, घरातलं कुणी असं वागू लागलं तर त्याला आधी वाईट ठरवू नका. तुमच्या मनातलं सोप्या शब्दांत सांगा, आणि त्याच्या हातांकडे बघा. आणि हो, माझ्या डाव्या हाताचं रेक्झिन फाटलंय, आणि त्या दिवसापासून काका रोज माझ्यात बसतात, तेव्हा तिथे त्यांचं बोट अडकतं. माझं बाकी काही नका करू, तेवढं मात्र शिवून घ्या.