फाट्यावर आलेलं उत्तर

संस्थेचे प्रमुख अमृतभाईंनी त्या दुपारी डहाणूच्या ऑफिसात बैठक बोलावली ती एकाच गोष्टीसाठी. संस्थेच्या अँब्युलन्सना कुठल्या दवाखान्यात कुठलं औषध शिल्लक आहे हे कसं कळवायचं, ते आज ठरवून टाकायचं होतं.

हर्षदा चुरी संस्थेचं सगळं सॉफ्टवेअर एकटी सांभाळायची. तिने तीन वाटा तयार ठेवल्या होत्या. पहिली कमांड लाइनची. काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करायचे आणि सर्व्हरमधली नोंद जशीच्या तशी बघायची. हे तिच्याखेरीज कुणाला जमत नव्हतं. दुसरी एपीआयची. गाडीतला टॅबलेट थेट दवाखान्याच्या कॉम्प्युटरला विचारणार आणि तो ठरलेल्या साच्यात उत्तर देणार. लाइन गेली की लाल चौकट, बाकी शब्द नाही. तिसरी एआय सहायकाची. ड्रायव्हरने नुसतं बोलून विचारायचं, सहायकाने बोलून सांगायचं.

"तिसरी," अमृतभाई बसायच्या आधीच म्हणाले. "घाटात गाडी चालवताना सुरज बोटं कुठे फिरवत बसणार? बोलला की काम झालं."

यात खोटं काही नव्हतं. सगळ्या ड्रायव्हरांना सहायक आवडला होता. सुरजच्या गाडीत तर तो आठवडाभर चाचणीला लावलेला होता आणि गाडीतलं बोलणं ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनच्या स्पीकरवर ऐकू यायचं. हर्षदा बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात त्याच स्पीकरवर सुरजचा आवाज आला.

"खडकपाड्याची बाई घेतलीय. साप चावला, मण्यार म्हणतात. सापाचं इंजेक्शन कुठे मिळंल?"

क्षणभर थांबून सहायकाचा शांत, गोड आवाज आला. "तलासरीकडच्या आपल्या दवाखान्यात दहा कुप्या उपलब्ध आहेत. तो सर्वांत जवळ आहे. तिकडे जा."

अमृतभाईंनी हर्षदाकडे असं पाहिलं की पुढे बोलायची गरजच नव्हती.

हर्षदाची नजर मात्र स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यावर होती. सहायक काय काय करतो ते तिथे ओळीने उमटायचं. त्याने आधी एपीआयमधून तलासरीकडच्या दवाखान्याला विचारलं होतं. उत्तर आलं नव्हतं. पुन्हा विचारलं, तरी नाही. मग त्याने सकाळचा जुना रिपोर्ट उघडला, त्यातले दहा उचलले आणि "आहेत" म्हणून सांगून मोकळा झाला.

"भाई, तिकडची लाइन बंद आहे," ती म्हणाली. "हे सकाळचे दहा आहेत."

"मग सकाळी दहा होते तर आता कुठे जातील?"

तिने तलासरीकडच्या दवाखान्याचा फोन लावला. लागला नाही. तिथल्या नर्सचा मोबाइल बंद. त्या भागातली लाइट गेल्याचा मेसेज कुणीतरी ग्रुपवर टाकला होता. तिने कास्याच्या दवाखान्याला एपीआयमधून विचारलं. तिथून लगेच उत्तर आलं: बारा कुप्या. पण कासा उलट्या दिशेला, फाट्यावरून बराच लांब. बाकीचे सगळे दवाखाने त्याहूनही लांब.

स्पीकरवर आता गाडीतली नर्स कविता बोलत होती. "मॅडम, पापण्या मिटायला लागल्यात तिच्या. जीभ अडखळतेय. आम्ही फाट्याजवळ आलोच. तलासरीकडे वळतोय ना?"

मागून एका माणसाचा आवाज येत होता. "बुधी, ए बुधी, डोळं उघड. माझ्याकडं बघ." तो तिचा नवरा चैत्या.

"फाट्यावर थांबा," हर्षदा म्हणाली.

"थांबा?" अमृतभाई उठून उभे राहिले. "अगं, बाईचा जीव चाललाय आणि तू थांबा म्हणतेस!"

हर्षदाने लॅपटॉप पुढे ओढला. काळ्या स्क्रीनवर तिची बोटं पळू लागली. तिला कुप्यांचा सकाळचा आकडा नको होता, तो तिला माहीत होता. लाइन जाण्याआधी दवाखान्याने शेवटचं काय पाठवलं ते तिला हवं होतं. एकदा टाइप करताना चुकली, पुसलं, पुन्हा टाइप केलं. अर्धवट पोचलेली एक नोंद वर आली. दुपारी दोन पेशंट दाखल. कारण: दंश. पुढचं कोरं.

दोन पेशंट. एकाला द्यायच्या म्हटल्या तरी दहाच्या दहा लागतात.

"तिकडे काही उरलं नसेल," ती म्हणाली. "कास्याला न्यायचं."

"नसेल! नसेल म्हणजे काय? तुला तरी कुठे नक्की माहीत आहे?"

"नाही माहीत. पण कास्याचं माहीत आहे."

"वाटेत गेली तर?"

हर्षदाने दुसरा फोन लावला. कास्याच्या डॉक्टर दक्षांनी पहिल्याच रिंगला उचलला. हर्षदा म्हणाली, "मॅडम, पेशंटला तुमच्याकडे आणतोय, पण पोचायला उशीर होईल. कुप्या घेऊन तुम्ही समोरून निघू शकाल?"

"निघते," दक्षा म्हणाल्या. "वाटेत आश्रमशाळा आहे, तिच्या आवारात भेटू. श्वास अडकला तर हवेची पिशवी दाबून देत राहायला सांग. थांबायचं नाही."

हर्षदाने स्पीकरकडे वळून सांगितलं, "सुरज, कास्याकडे वळव. मी सांगतेय म्हणून. वाटेतल्या आश्रमशाळेत डॉक्टर कुप्या घेऊन भेटतील."

सुरज अडखळला. "मॅडम, हा तर तलासरी म्हणतोय."

"त्याला माहीत नाहीये. वळव."

चैत्या ओरडला, "जवळचा सोडून लांब कशाला?" पण तोवर इंजिनाचा आवाज वाढला होता.

थोड्याच वेळात बुधीचा श्वास अडकला. स्पीकरवर कविताचा आवाज तेवढा येत होता, एका लयीत, पिशवी दाबताना स्वतःशीच मोजल्यासारखा. मधे तो थांबला तेव्हा हर्षदाने टेबलाची कड घट्ट धरली. मग कविता म्हणाली, "हात बदलला," आणि पुन्हा मोजू लागली. अमृतभाई खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

शेवटी दक्षा मॅडमचा आवाज आला. "पेशंट मिळाली. सलाइनमधून इंजेक्शन सुरू करतेय. आता बोलू नका माझ्याशी."

बुधी वाचली. दोन दिवस तिच्या घशात नळी होती, तिसऱ्या दिवशी काढली.

पण साप चावला त्याच संध्याकाळी तलासरीकडची लाइट आली आणि दवाखान्याचा कॉम्प्युटर सुरू झाला. स्क्रीनवर आकडा उमटला तो दहाच. दाखल झालेल्या दोघांना कुत्रा चावला होता. सापाच्या कुप्यांना कुणी हातही लावला नव्हता.

अमृतभाईंनी तो आकडा कितीतरी वेळ पाहिला. "म्हणजे तो बरोबर होता."

"बरोबर निघाला," हर्षदा म्हणाली. "त्याने अंदाज केला आणि खात्रीने सांगितला. मीही अंदाजच केला, भाई. माझा चुकला."

बुधीची नळी काढली त्या दिवशी हर्षदा कास्याला गेली. चैत्या दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. तिने आपलं नाव सांगितलं आणि गाडी आपण वळवली हेही सांगितलं.

"तिकडं इंजेक्शन होतं काय, बाय?" त्याने विचारलं. कविता काहीतरी बोलून गेली असावी.

"होतं. तेव्हा मला कळायला मार्ग नव्हता. पण होतं."

चैत्या मान फिरवून म्हणाला, "तिचा श्वास बंद पडला होता. मी बघितलं." आणि उठून आत गेला. हर्षदा पायरीवर तशीच बसली. त्याने हाक मारली नाही, तिनेही आत जायचं धाडस केलं नाही. खिडकीतून बुधीचा घोगरा आवाज आला, भाताच्या लावणीचं काही विचारत होती. तो ऐकून हर्षदा उठली.

बैठक पुढच्या आठवड्यात पुन्हा झाली. अमृतभाईंनी या वेळी आधी काही ठरवलं नव्हतं. हर्षदा म्हणाली, "सहायक राहू दे. सुरजला बोलूनच विचारता आलं पाहिजे. पण कुप्यांचा आकडा त्याने फक्त एपीआयकडून घ्यायचा, जुन्या रिपोर्टला हात लावायचा नाही. एपीआय गप्प राहिला तर त्याने तसं सांगायचं आणि माणसाला फोन जोडायचा. दवाखान्यांच्या कॉम्प्युटरला बॅटरी बसवा. आणि काळा स्क्रीन मी कविताला शिकवते. मी एकटीच असणं बरं नाही."

"आणि एपीआय गप्प असताना जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन खरंच असलं तर?" अमृतभाईंनी हळूच विचारलं.

"तर कधीतरी पुन्हा उगाच लांब जावं लागेल," हर्षदा म्हणाली. हे बोलताना तिने खाली पाहिलं नाही.

हर्षदाने सहायकात बदल केल्यावर एका दुपारी सुरजने गाडी ऑफिसच्या आवारात उभी केली आणि चाचणीसाठी मुद्दाम वायर काढून ठेवलेल्या दवाखान्याबद्दल विचारलं. सहायक म्हणाला, "तिथून उत्तर येत नाही. तिथे काय आहे, मला माहीत नाही. फोन जोडतो."

"एवढंच?" सुरजने कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"एवढंच," हर्षदा म्हणाली, आणि दुसऱ्या गाडीकडे वळली.