शिवेवरचा गाडा

“सुतारा, खुंटी बाभळीचीच न्हवं?” अंबाजी पाटलाने विचारलं.

“बाभळीचीच,” दत्तोबा म्हणाला. लाकडाबद्दल तो जन्मात पहिल्यांदाच खोटं बोलला. चाकाची खुंटी पांगाऱ्याची होती, आणि पांगारा म्हणजे लाकडातला मुळाच.

एकोणीसशे अठराचा आश्विन. मानमोडीच्या तापाने पंधरवड्यात टाकव्यातली एकवीस माणसं नेली. भात कापायला हात उरले नव्हते. तेव्हा गावाने जुनाच उपाय काढला. मरीआईचा गाडा करायचा, मेलेल्यांचं एकेक कापड त्यात घालायचं आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून यायचं. देवी तिकडे गेली की आपण सुटलो. शेजाऱ्यांचं काय, हे विचारायची रीत नव्हती.

शेजारी करंजवाडी होती, आणि तिथे दत्तोबाची एकुलती एक लेक सरू दिली होती. तिला सातवा महिना होता. श्रावणात हिरवं लुगडं देताना त्याच्या तेलकट अंगठ्याचा डाग पदराला लागला, तेव्हा ती हसली होती. “ऱ्हाऊ द्या आबा, तुमची खूण हाय.” बायको गेल्यापासून जगायला त्याला एवढंच कारण उरलं होतं.

शीव हाकेवर आली आणि ओढ्याच्या चढावर खुंटी मोडली. चाक घरंगळत गेलं, गाडा कलंडला. पाटलाने तुकडा उचलून नख दाबलं. नख आत रुतलं.

“पांगारा! मुडद्या, गावाला मारतूस व्हय?”

“माझी लेक हाय तितं. तिच्या दारात मरण न्हाई वडणार मी.”

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी कुठे बसली ते त्याला कळलंच नाही. तोंडात माती गेली, तरी मनातून तो निवला होता. सरू वाचली.

तेवढ्यात पलीकडून हलगी वाजली. करंजवाडीचे लोक आपला गाडा घेऊन टाकव्याकडेच येत होते.

“आपलं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!” कुणीतरी खेकसलं, आणि दगड सुटले. करंजवाडीकर गाडा शिवेवरच टाकून पळाले.

दत्तोबा उठून बसला. त्या गाड्यात कापडांच्या ढिगावर एक हिरवं लुगडं होतं. तो रांगतच गेला. पदर चाचपला, डाग सापडला. त्यावर त्याने आपला अंगठा ठेवून पाहिला. नेमका बसला.

त्याच्या पोटातून गुरासारखा हंबरडा फुटला. आता कुणासाठी जगायचं, ते त्याला सांगणारं कुणीच नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने कमरेची तेलाची कुपी काढली, करंजवाडीच्या त्या करकरत्या चाकांना तेल घातलं, दोर खांद्यावर घेतला आणि तोंड टाकव्याकडे वळवलं.

“दत्तोबा, माघारी फिर!” पाटील ओरडला. “गाडा गावात आणलास तर जीव घीन!”

“घ्या की,” दत्तोबा म्हणाला. “सातव्यात लेक म्हायेरी आणायची असती. आणतुया.”

एक दगड त्याच्या पायाशी पडला. मग हात थांबले. गाड्याला शिवायची कुणाची छाती नव्हती. माणसं आपणच बाजूला झाली. चाकं आता जराही वाजत नव्हती.