अर्धी दाढी

आमच्या दादाला देवापुढे दोन मिनिटं गप्प बसता येत नाही. त्याला माईक लागतो, खुर्च्या लागतात, मध्ये चहा लागतो. चर्चच्या मंडळीच्या कामात तो इतका बुडालेला असतो की उद्या देव स्वतः दारात आला, तर वहिनी त्यालाही सांगेल, हे मीटिंगला गेलेत, निरोप ठेवा.

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि दादा-वहिनीसकट मंडळीतल्या ह्या लोकांना ऊत आला. बाबांचा जन्म गेला छापखान्यात, मशीनपाशी. दिवसभर कानठळ्या बसवणारा खडखडाट. म्हणून चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसायचे. मोठ्यानं प्रार्थना कधी केली नाही. दादाला त्याची लाज. तो मंडळीचा सेक्रेटरी, आणि सेक्रेटरीचा बाप मूग गिळून बसतो म्हणजे काय!

झटक्यानं वाचा गेली. मग एक शब्द परत आला. 'प्रभू.' बाबा तो ओढून ओढून काढायचे, ओठांची उजवी बाजू तेवढी हलायची. आणि थांबायचे. की लगेच खोलीतली जत्रा त्यांच्यावर तुटून पडायची. एकजण पुढं जोडणार, मला बरं कर. दुसरी म्हणणार, मला उठव. वहिनी डोळ्यांत पाणी आणून अख्खी प्रार्थना बांधायची आणि त्यात स्वतःच्या मुलीची परीक्षाही घुसवायची. बाबा नकारार्थी मान हलवायचे. बिचाऱ्यांना सुचत नाही, असं म्हणून हे आणखी जोरात सुरू. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, त्यांना वेळ द्या, तोंडात शब्द कोंबू नका. दादाचं म्हणणं, त्या बाई कुठं ख्रिस्ती विश्वासातल्या आहेत.

मग दादानं ठरवलं, रविवारी बाबांना चर्चमध्ये स्टेजवर न्यायचं. साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं कसं वाचवलं ते सगळ्यांसमोर सांगायला. बाबा 'प्रभू' म्हणणार, पुढचं पाळकसाहेब पूर्ण करणार, मागं वाद्यं वाजणार. हे कानावर पडताच बाबांनी धड हातानं चादर तोंडावर ओढून घेतली. दादा म्हणाला, भारावून गेलेत.

माझं सलून आहे, त्यामुळे स्टेजसाठी दाढी करायचं काम माझ्या गळ्यात. रविवारी सकाळी मी खोलीला आतून कडी लावली. वस्तरा हातात असताना मला कोणाचा धक्का नको होता. उजवा गाल झाला. डाव्याला हात घालणार, तोच बाबांचे ओठ हलले.

"प्र...भू."

हलत्या तोंडावर वस्तरा चालत नाही. मी हात वर धरून थांबलो. 'बरं कर' माझ्याही जिभेवर आलंच होतं. गिळलं. डाव्या गालावरचा फेस वाळायला लागला. बाबा काहीच बोलेनात. पण कपाळावरची आठी उतरली, मूठ उघडली, श्वास संथ झाला. काही शोधणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. निवांत बसलेल्या माणसाचा होता.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. पुढं काही नव्हतंच. आम्ही ज्याला सुरुवात समजत होतो ती त्यांची पुरी प्रार्थना होती. हाक मारायची आणि जवळ बसायचं. आणि ही टोळी रोज त्यांच्या आणि प्रभूच्या मध्ये फतकल मारून बसत होती.

"बाबा, एवढंच असतं ना?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. तो त्यांचा 'हो'.

दारावर थाप पडली. "अरे, झालं का? गाडी खाली थांबलीय," दादा ओरडला.

"नाही झालं."

"किती राहिलंय?"

"अर्धी."

"मग आटप की. लोकं वाट बघतायत."

मी बाबांना विचारलं, जायचंय का. त्यांनी हळूच कूस बदलली आणि फेसाचा गाल उशीत दाबून ठेवला. मी वस्तरा पुसून पेटीत टाकला.

"दादा, अर्ध्या दाढीनं न्यायचे असतील तर ने. मी काही पुरी करणार नाही."

बाहेर आवाज बंद. त्या घरात इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. तीही फार टिकली नाही. लोक काय म्हणतील, असं वहिनी म्हणाली आणि दोघं तिथंच दाराबाहेर, मला सुबुद्धी मिळावी म्हणून मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागले.

बाबांच्या तोंडाची उजवी बाजू हसली. मी पलंगापाशी स्टूल ओढलं आणि गप्प बसलो.