मागच्या दारानं

मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, आणि मराठी मंडळाच्या सभागृहाला शिंदे संस्थानच्या काळापासून असलेली घरपट्टीची माफीही नव्यानं मागायची वेळ आली. जागा सगळ्यांच्या उपयोगाची आहे हे नगरपालिकेच्या निरीक्षकाला पटलं तरच माफी. नाही पटलं तर काय, हे चिटणीस भय्यासाहेबांनी ठरवूनच टाकलं होतं : सभागृह फ्रीगंजच्या कापडवाल्याला गोदामासाठी भाड्यानं द्यायचं आणि त्यातून कर भरायचा.

त्याच सभागृहात दर मंगळवारी वासंतीचा शिवणवर्ग भरे. भैरवगढहून कापड छापणाऱ्या-रंगवणाऱ्या छिप्यांच्या बायका यायच्या. एकच मशीन, पाळीपाळीनं चालवायचं. बाकीच्यांनी हातशिलाई करत गायचं. त्यांचं एक माळवी गाणं, मग वासंतीची एक ओवी. गोदाम झालं की हे सगळं मिटलं. म्हणून निरीक्षक नेमका मंगळवारी येणार हे ऐकून तिला हायसं वाटलं होतं.

पण भय्यासाहेबांचं घराणं दरबारातल्या कारभाऱ्यांचं, आणि खोडही दरबाराची : मोठा पाहुणा यायचा म्हटला की आधी माणसं हाकलायची, मग जाजम झटकायचं. त्यांनी वर्ग बंद ठेवायला सांगितला. अहो, त्याला माणसं दाखवायची की लोड-तक्के, असं वासंतीनं तीनदा विचारून पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही पोह्यांचं बघा."

तिनं पोह्यांचं बघितलं. कढईत मोहरी तडतडत होती, मनात ती स्वतः. बायकांना निरोप धाडायचं तेवढं ती विसरली. खरं म्हणजे विसरली नव्हती.

त्या आल्या आणि पुढच्या दारावर बंदोबस्त पाहून स्वयंपाकघराकडच्या मागच्या पायरीशी थबकल्या. पुढे माणिकबाई, कोपरापर्यंत मंजिष्ठेच्या लाल रंगानं माखलेली. आत का नाही जायचं, असं तिनं विचारलं. वासंतीनं माफीची सगळी हकीकत सांगितली. माणिकबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हारी टापरी पे कर लागे, ने इत्ता बड़ा घर पे नी लागे?"

उत्तर एकच होतं : बाई, हे घर तुझंही आहे. पण पायरीवर थांबवलेल्या बाईला ते सांगायचं कुठल्या तोंडानं?

आत निरीक्षकाच्या मनगटावर अत्तर लागलं होतं, पुढ्यात पानदान आलं होतं. रिकाम्या जाजमाकडे पाहत त्यानं विचारलं, "यहाँ आता कौन है?"

भय्यासाहेबांची छाती फुगली. "ऐरे-गैरे नहीं आते, साहब. सिर्फ़ खानदानी लोग."

स्वयंपाकघरात वासंतीनं कपाळाला हात लावला.

"तो कर भी खानदानी लोग भर दें," निरीक्षक म्हणाला आणि उठायला लागला.

तेव्हा मात्र तिच्यानं राहवेना. एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्या हातात माणिकबाईचं मनगट, अशी ती सभागृहात शिरली. मागोमाग सगळ्याजणी. बशी निरीक्षकापुढे ठेवून तिनं मशीनवरचं भरजरी आच्छादन ओढून काढलं आणि बायका नेहमीसारख्या बसल्या. मग वासंतीनं ओवी म्हटली :

रंगल्या हाताची। सई आली माझ्या दारी।
उंबऱ्याला विचारी। आत येऊ॥

माणिकबाईनं माळवीत सूर धरला. निरीक्षक पुन्हा बसला. पोहे खाता खाता त्यानं माणिकबाईला दोन-चार गोष्टी विचारल्या, तिनं आपल्या लेकीसाठी इथंच शिवलेलं पोलकं उलटंपालटं करून पाहिलं. भय्यासाहेब लगेच पुढे सरसावले. ही सगळी मंडळाचीच योजना, असं त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. वासंतीनं दोरा दातानं तोडला.

एका वर्षाच्या माफीची शिफारस करतो, निरीक्षक जाताना म्हणाला. पण पुढच्या वेळी न कळवता येईन, मंगळवारीच.

तो गेला. भय्यासाहेबांची नजर जाजमावरच्या लालसर डागावर पडली.

"ठीक आहे वहिनी, येऊ देत त्यांना. फक्त पुढच्या मंगळवारपासून मागच्या दारानं..."

"मग कर भरा, भय्यासाहेब," वासंती म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवलं.

टाक्यांची एक अख्खी ओळ पडली. मग भय्यासाहेबांनी विचारलं, पोहे उरलेत का.