जागचं हलायचं नाही

“कशालाही हात लावू नकोस. सरळ बाथरूममध्ये जा. बादलीत साबणाचं पाणी केलंय, कपडे त्यात टाक.”

ताईनं दार उघडलं आणि ती स्वतः स्वयंपाकघराच्या टोकापर्यंत मागे सरली. लिफ्टमननं चपला बाहेर काढल्या, पिशवी दाराबाहेरच ठेवली आणि पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखे दोन्ही हात वर धरून तो आत शिरला.

“पिशवीत काय आणलंस?”

“संत्री.”

“राहू दे तिथेच. धुऊन घेते नंतर. किती वाळलास रे.”

“मास्कमुळे वाटतं तसं.”

“मास्कनं पोट आत जातं होय?”

तो मुकाट्यानं बाथरूमकडे वळला. पन्नाशी उलटली तरी ताईपुढे त्याला कधी उत्तर सुचलं नव्हतं. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, सरकारी इस्पितळात लिफ्टवर चिकटवलं ते दाजींनी, आणि त्यानं लग्न केलं नाही म्हणून अजून बोलणी खायची ती दोघांकडूनही.

गरम पाण्याचा तांब्या खांद्यावर ओतला आणि त्यानं भिंतीला टेकून डोळे मिटले. टेकल्या टेकल्या डुलकी लागली. हल्ली त्याला उभ्यानंच झोप यायची. लिफ्टमनच्या नोकरीत सुख म्हणाल तर एकच होतं, ते म्हणजे स्टूल. उभा जन्म त्यानं त्या स्टुलावर बसून वर-खाली करण्यात घालवला होता. “बसून पगार खातो,” असं इस्पितळातले लोक म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मग साथ आली. स्ट्रेचर, ऑक्सिजनचं नळकांडं आणि सिस्टर एवढं सगळं लिफ्टमध्ये मावेना, म्हणून कुणीतरी स्टूल उचलून जिन्याखाली टाकलं. तेव्हापासून तो उभा होता.

“कपडे कडीला लावलेत,” ताई बाहेरून म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “आबांचे आहेत. चालतील ना?”

त्यानं नळ मोठा सोडला.

आबा म्हणजे दाजींचे वडील. शर्ट निळ्या बारीक चौकड्यांचा होता, दाजींनी घरच्या मशीनवर शिवलेला. बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. आबा बुटके होते, पण छाती मोठी. शर्ट अंगाभोवती सैल लोंबत होता.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. खिडकीशी दाजी शिलाई मशीनच्या बाकड्यावर बसले होते. शाळांचे गणवेश शिवून घर चालवलेला माणूस. शाळाच बंद, तेव्हा आता मास्क शिवत होता. उरलेल्या गणवेशाच्या कापडाचे मास्क मशीनशेजारी ढिगानं पडले होते. भाची पलंगावर मांडी घालून बसली होती. टीव्हीच्या समोर, खोलीच्या अगदी मध्यावर, आबांची हातांची लाकडी खुर्ची होती. ती रिकामी होती.

“या लिफ्टमन,” दाजी म्हणाले. एरवी ते हे हसून म्हणत. “बसा. तिथे गॅलरीच्या दाराशी स्टूल ठेवलंय. वारा लागेल, आणि अंतरही राहील.”

“मामा, मिठी उधार,” भाची म्हणाली.

“मांडून ठेव.”

तो स्टुलावर बसला. खुर्चीकडे बघायचं नाही असं त्यानं येतानाच ठरवलं होतं, त्यामुळे बघायला टीव्हीच तेवढा उरला. क्रिकेटची मॅच होती. मैदान हिरवंगार आणि खुर्च्या सगळ्या मोकळ्या. तरीही चेंडू मारला की हजारो लोक ओरडत होते.

“कोण ओरडतंय?” त्यानं विचारलं.

“रेकॉर्ड केलेला आवाज आहे,” भाची म्हणाली. “नाहीतर फार सुनं वाटतं म्हणे.”

“आबांनी टीव्ही फोडला असता,” दाजी म्हणाले, आणि सगळे जरा हसले. मग दाजींनी पुन्हा मशीन चालवायला घेतलं.

आबा धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झाले होते. रतीभरही इकडचं तिकडे होऊ न देणारा माणूस; पण मॅच लागली की त्यांच्या बुद्धीचा काटा पार दुसरीकडे जायचा. आपला डाव चांगला चालला की जो जिथे असेल त्यानं तिथेच राहायचं, हा त्यांचा नियम. जागचं हलायचं नाही. हललं की विकेट पडते. एकदा ताई पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात काही विचारायला आली आणि तेवढ्यात षटकार बसला. त्या दिवशी तिला जिंकेपर्यंत तिथेच, हातात पळी धरून उभं राहावं लागलं होतं. आत भात करपला. सगळ्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला, कारण मॅच जिंकली होती. दाजी मशीनशी, भाची पलंगावर, ताई दारात; ज्याची त्याची जागा त्या दिवसापासून ठरून गेली. लिफ्टमनची जागा जमिनीवर, आबांच्या खुर्चीच्या डाव्या पायाशी. चौकार गेला की आबांचा तळहात त्याच्या डोक्यावर आदळायचा. मामाचं टक्कल त्या चौकारांनीच पडलं, असं भाची म्हणायची.

जेवण आलं. ताईनं हातभर लांबून ताट त्याच्यापुढे तिपाईवर सरकवलं. कोंबडीचा रस्सा, भात, तळलेले बटाटे, दोन उकडलेली अंडी, काकडी. “मागून केक आहे,” ती म्हणाली.

“एवढं कोण खाणार?”

“तू. इस्पितळात काय देतात ते माहितीय मला.”

तो खाली मान घालून जेवत राहिला. रस्सा संपायच्या आत ताई वाढत होती. ताट रिकामं दिसलं की त्याला बोलावं लागेल, हे तिला कळत असावं. त्यालाही कळत होतं. म्हणून तोही नको म्हणत नव्हता.

कारण फोनवर तो खोटं बोलला होता.

आबांना धाप लागली तेव्हा दाजींनी त्यांना इस्पितळाच्या फाटकापर्यंत नेलं. तिथून पुढे कुणाला जाऊ देत नव्हते. मग दाजींनी बाप पाहिला तो लांबून, प्लास्टिकमध्ये बांधलेला. आयुष्यभर गावाची मापं घेतली आणि बापाला शेवटी काय घातलं होतं तेही कळलं नाही, हे दाजींनी त्या दिवशी फोनवर चारचारदा म्हटलं. ते ऐकवेना, तेव्हा लिफ्टमन म्हणाला, “मी होतो हो त्यांच्याबरोबर. त्यांनी मला ओळखलं.” त्या एका वाक्यावर हे घर उभं राहिलं. समाचाराला फोन करणाऱ्या प्रत्येकाला दाजी तेच सांगत: आपला माणूस होता जवळ, ओळखलं त्यांनी. आणि लिफ्टमन मात्र तेव्हापासून इकडे फिरकला नाही. ड्यूटी आहे म्हणायचा. ड्यूटी होतीच, त्यामुळे निमित्त शोधावं लागलं नाही. शेवटी ताईनं दम दिला, या सुट्टीला आला नाहीस तर डबा घेऊन तुझ्या लिफ्टमध्ये येऊन बसेन.

“काय म्हणाले रे ते?” दाजींनी विचारलं.

त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नव्हती. हातात अर्धा शिवलेला मास्क होता. भाचीनं मोबाइल खाली ठेवला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला आणि ताई दारात आली.

लिफ्टमननं हातातलं अंडं ताटात ठेवलं. थकलेल्या माणसाला खोटं रचायलाही जोर लागतो, आणि तो आता त्याच्याजवळ उरला नव्हता.

“नाही ओळखलं,” तो म्हणाला. “तुमच्याशी खोटं बोललो मी.”

टीव्हीत लोक ओरडले.

“अंगात तो पांढरा सूट, तोंडावर दोन मास्क, वर काच. आम्हीच एकमेकांना ओळखत नाही. खाली लिफ्टमध्ये घेतलं तेव्हा मी म्हटलं, आबा, मी आहे. ऐकूच गेलं नाही. आणि नेमकी लिफ्ट अडकली. दोन मजल्यांच्या मध्ये.”

“देवा,” ताई म्हणाली.

“नेहमीचंच आहे ते. तर आबा मला काय म्हणतात, डॉक्टर, लिफ्ट बंद पडली वाटतं. आमचा एक पाहुणा आहे इथे लिफ्टवर, त्याला बोलवा, तो करेल नीट.”

तो घोटभर पाणी प्यायला.

“मीच तो, मीच तो, असं दोनदा ओरडलो. सिस्टर म्हणाली, पेशंटला घाबरवू नका. मग काय बोलणार? त्या दिवशी मॅच होती एवढं ठाऊक होतं. स्कोअर-बिअर कुठला माहीत असायला. तरी म्हटलं, आबा, मॅच मस्त चाललीय, आपण जिंकतोय. तेव्हा बघितलं माझ्याकडे.”

“मग?”

“मग काही नाही. त्या डॉक्टरलाच बोलले. धाप होती ना, तोडून तोडून बोलत होते. म्हणाले, मग उभा काय राहिलास, खाली बस.” त्यानं मान हलवली. “मी बसणार कुठे? स्टूल काढून टाकलेलं. तेवढ्यात लिफ्ट सुरू झाली, दार उघडलं, नेलं त्यांना. एवढंच. परका माणूस समजूनच गेले ते, दाजी. मी तिथे असून नसल्यासारखा.”

आबांना खाली आणलं तेही त्याच लिफ्टनं. ते त्यानं सांगितलं नाही, आणि दाजींनी विचारलं नाही.

दाजींनी मास्क मशीनवर ठेवला. बाकड्यावर ते त्याच्याकडे वळून बसले. आता शिव्या घालतील, असं लिफ्टमनला वाटलं. घातल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

“आपण जिंकतोय, असं म्हणालास तू,” दाजी म्हणाले.

“हो.”

“आणि ते म्हणाले, खाली बस.”

“हो.”

“मॅच चांगली चालली असली की तू कुठे बसायचास?”

लिफ्टमननं पहिल्यांदाच खुर्चीकडे नजर वळवली. खुर्चीकडे नाही, तिच्या डाव्या पायाशी. तिथली फरशी त्याच्या बसण्यानं बाकीच्या फरशीपेक्षा गुळगुळीत झाली होती.

“डॉक्टरला कशाला खाली बसवतील ते?” दाजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि मशीनवरचाच एक मास्क घेऊन डोळे पुसले. “तुलाच म्हणाले. डाव चांगला चाललाय आणि हा गाढव जागा सोडून उभा.”

ताईनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच ठरवता येत नसावं.

“पण त्या दिवशी आपण हरलो होतो, बाबा,” भाची हळूच म्हणाली.

“हरणारच,” दाजी म्हणाले. “हा बसला का खाली?”

आणि मग दाजी हसले. ते हसणं मध्येच मोडलं, आणि त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. इतक्या दिवसांत रडायला त्यांना जागा मिळाली नव्हती. लिफ्टमन उठायला गेला आणि परत बसला. जवळ जायची सोय त्या दिवसांत नव्हती.

टीव्हीवर शेवटच्या काही चेंडूंचा खेळ उरला होता. धावाही थोड्याच हव्या होत्या. लिफ्टमननं ताट बाजूला सारलं, आबांच्या शर्टाच्या आखूड बाह्या खाली ओढल्या आणि स्टुलावरून उठला. खुर्चीच्या डाव्या पायाशी तो जमिनीवर बसला. पाय लांब केले, तेव्हा गुडघे कडकडा वाजले.

“केक देऊ?” ताईनं विचारलं.

“मॅच होऊ दे.”

एक चौकार गेला. सवयीनं त्यानं डोकं जरा खाली घातलं आणि थांबला. वरून काही आलं नाही. मग त्यानं डोकं खुर्चीच्या हाताला टेकवलं, आणि पुढचा चेंडू टाकेपर्यंत तो झोपला होता.

भाची काहीतरी बोलायला गेली. दाजींनी तोंडावर बोट ठेवलं आणि रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला. ते खोटे हजारो लोक एकदम गप्प झाले. आता खोलीत त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, जड आणि संथ. झोपेतच त्याचा अंगठा मांडीवर दाबला गेला, कुठल्या तरी मजल्याचं बटण दाबल्यासारखा.

ताई केक कापायची सुरी हातात घेऊन दारात उभी होती. आत गॅसवर दूध चढत होतं. तिनं दाजींकडे पाहिलं. दाजींनी मानेनंच नाही म्हटलं.

शेवटच्या चेंडूवर फलंदाजानं बॅट फिरवली. चेंडू रिकाम्या खुर्च्यांमध्ये जाऊन पडला आणि कुणीतरी पांढरे हातमोजे घातलेला माणूस तो शोधायला गेला. खेळाडू धावत एकमेकांकडे आले आणि लांबूनच कोपरांना कोपरं टेकवून थांबले. आत दूध उतू गेल्याचा वास आला. भाचीनं दोन्ही मुठी वर केल्या आणि तशाच, आवाज न करता, खाली आणल्या.

मॅच संपली. कुणी जागचं हललं नाही.