पॉलिश केलेली पाठ

मी एक जुनी कासवी आहे. 'जुनी' हा शब्द ऐकला की मी राहते त्या घरातल्या माणसांचे हात शिवशिवतात, कारण हे घर लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्या मिस्त्रींचे आहे. जुने टेबल, जुनी खुर्ची, जुने कपाट दाराशी आले की ते घासायचे, भेगा बुजवायच्या आणि चकचकीत करून परत पाठवायचे, हा इथला धंदा. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, या माणसांनी माझ्याशीही तेच केले. तुमच्यापैकी काहींच्या घरी कासव असेल. तुम्ही यांच्याहून फार शहाणे असाल असे मला वाटत नाही, म्हणून सगळे नीट क्रमाने सांगते.

आधी माझ्या पाठीविषयी. तिला तुम्ही कवच म्हणता, जणू ते मी कुठूनतरी विकत आणून अंगावर चढवले आहे. कवच उतरवून खुंटीला लावता येते. मला माझी पाठ उतरवता येत नाही. ती हाडाची आहे आणि माझा कणा आणि बरगड्या तिच्यातच मिसळलेल्या आहेत. हाडावर जिवंत कातडीचा पातळ थर आहे आणि त्यावर तुमची नखे ज्या पदार्थाची असतात त्याच पदार्थाच्या चकत्या. पाठीवर बोट टेकले तरी मला कळते. एवढी माहिती शाळेच्या वहीच्या एका पानात मावेल. आमच्या मिस्त्रींच्या डोक्यात ती एकोणीस वर्षे मावली नाही.

मी इथे आले ती कपाटाबरोबर. एका गिऱ्हाइकाने घर बदलताना कपाट पॉलिशला टाकले होते आणि नवे घर लागेपर्यंत मलाही त्याच्यासोबत इथे सोडले होते. ते न्यायला आले तेव्हा कपाट घेऊन गेले आणि मला ठेवून गेले. माणूस काय नेतो आणि काय ठेवतो, हे मला तेव्हाच कळले. माझी मान सुरकुतलेली पाहून मिस्त्रींनी माझे नाव 'आजोबा' ठेवले. तेव्हा मी आठ वर्षांची होते. आणि कासवी होते. पण विचारतो कोण?

पहिली काही वर्षे मी दुकानामागच्या अंगणात काढली. तिथे ऊन होते, भिंतीची सावली होती, आपोआप उगवलेले गवत होते आणि गळक्या नळाखाली एक पसरट घमेले होते, त्यात मी हनुवटीपर्यंत बुडून बसत असे. माझ्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. त्यामुळे माझी तब्येत उत्तम होती.

मग फळ्या ठेवायला जागा हवी म्हणून अंगणावर पत्रा चढला आणि नळ दुरुस्त झाला. मला उचलून दुकानात आणले. तिथे ऊन नाही, पाणी वाटीत, आणि खायला पावाचे तुकडे, कारण ते हाताशी असत. दोन वर्षांत माझी पाठ फिकट पडली. चकत्यांच्या कडांवर पांढरट पापुद्रे आले. विचार करणाऱ्या कोणीही माझे खाणे पाहिले असते, ऊन पाहिले असते. मिस्त्रींनी अंगठ्याने पाठ चोळून पाहिली आणि निदान केले.

"सुकलाय. तेल मागतोय."

"त्याने तुझ्या कानात सांगितलं का?" अक्का म्हणाली. अक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. दुकानाचे गल्ल्यापासून झाडूपर्यंत सगळे तीच बघते आणि भावाला बोलण्याची एकही संधी सोडत नाही.

"अक्का, तीस वर्षं लाकूड बघतोय मी."

"लाकूड चालत नाही रे."

एवढे खरे बोलूनही ती पोळपाटाचा पाय बसवायला निघून गेली. खरे बोलायचे आणि पुढे काही करायचे नाही, ही माणसांची जुनी खोड आहे.

मला जवसाचे तेल लावले. एका दिवसात त्यावर दुकानातला सगळा भुसा चिकटला. तो निघेना म्हणून बारीक काचकागदाने घासले. घासून पाठ आणखी पांढुरकी झाली म्हणून चपडा लावला. चपडा म्हणजे लाखेचे पॉलिश. कापसाची पुरचुंडी त्यात बुडवून मिस्त्री ती गोल गोल फिरवतात, वाळू देतात, पुन्हा फिरवतात. माझ्या पाठीवर असे नऊ हात दिले. प्रत्येक वेळी मी चारही पाय आणि डोके आत ओढून घेतले. मिस्त्री कौतुकाने म्हणाले, "बघ, कसा शांत बसतो."

त्यानंतर माझा सन्मान झाला. दुकानाच्या दर्शनी काचेमागे एका गोल मेजावर मला ठेवले. रस्त्याने जाणारे थांबत. आत येऊन विचारत, "हे खरं आहे की लाकडाचं?" मिस्त्री मला बोटाने ढोसत. मी पाय हलवला की लोक हसत. मिस्त्री म्हणत, "जिवंत प्राण्यावर टिकतंय, तुमच्या खुर्चीवर टिकणार नाही?" खुर्च्या येऊ लागल्या. सकाळभर काचेतून ऊन माझ्यावर पडे आणि सगळ्यांना वाटे की आजोबांची चंगळ आहे. उन्हातला जो भाग माझ्या हाडांना लागतो तो काच अडवते. माझ्यापर्यंत नुसता उजेड आणि उकाडा पोचत होता. तुम्हीही आपल्या कासवाची पेटी खिडकीच्या काचेशी ठेवून समाधानाने हात झटकले असतील, तर तुमची आणि मिस्त्रींची योग्यता सारखीच.

माझ्या आयुष्यातली ही सर्वांत जास्त स्तुतीची वर्षे. हाडे ठिसूळ होण्याचीही हीच.

ज्या मेजावर मी होते त्यालाही मिस्त्रींचेच पॉलिश होते. एका सकाळी माझे नख त्यावर ठरले नाही आणि मी फरशीवर पडले. पाठीच्या उजव्या अंगाला, मागून दुसऱ्या चकतीत, बोटभर लांब भेग गेली. रक्त आले. थोडेच आले, म्हणून कोणी डॉक्टर शोधला नाही. मिस्त्रींनी फडक्याने पुसले, भेगेत लांबी भरली (लाकडातली भोके बुजवायला भुसा आणि डिंक मळून करतात ती), वाळल्यावर घासली आणि वरून रंग जुळवून चपडा दिला.

रंग असा जुळला की भेग दिसेनाशी झाली. तो त्यांना आयुष्यातला सगळ्यात चांगला सांधा वाटला. गिऱ्हाइकांशी ते पैज लावत: "कुठे फुटलंय ते दाखवा." कोणालाही दाखवता येत नसे. मी दाखवू शकले असते, पण मला कोणी विचारले नाही.

जखम झाकली तर ती बरी होते, हा समज फक्त लाकूडकाम करणाऱ्यांचा नाही, हे मला ठाऊक आहे. आत ओल राहिली, घाण राहिली, हवा लागेना. पाचव्या आठवड्यात मी खाणे सोडले. मिस्त्री म्हणाले, "वय झालं." सहाव्या आठवड्यात दुकानात वास येऊ लागला.

"उंदीर मेलाय," मिस्त्री म्हणाले.

तीन दिवस उंदीर शोधला. सगळी कपाटे सरकवली, फळ्यांची चळत उतरवली, गादीच्या खुर्चीची शिवण उसवली. मला उचलून माझ्याखाली पाहिले आणि परत ठेवले. त्या शोधाइतकी मूर्ख गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. चौथ्या दिवशी अक्काने मला तोंडाजवळ धरले, हुंगले आणि डोळे मिटून घेतले.

"उंदीर सापडला," ती म्हणाली. "पिशवी दे ती."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला वजनकाट्यावर ठेवले, मग हलकेच उलटे धरून पोट पाहिले.

"आजोबांचं वय झालंय हो," मिस्त्री म्हणाले.

"पोट सपाट आहे. नराचं आत गेलेलं असतं. ही मादी आहे, आणि हिचं अजून निम्म्याहून जास्त आयुष्य बाकी आहे. असायला हवं." त्यांनी उजव्या अंगावर बोट टेकले. मी पाय आत घेतला. "इथे काय भरलंय?"

"लांबी. दिसत नाही ना?"

"नाही दिसत. वासावरून कळलं."

मिस्त्रींचा चेहरा खुलला. अक्का त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अरे, ते कौतुक नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी सांगितले की आत कुजले आहे. कूज हाडाच्या वरच्या थरात असेल तर मी वाचेन. आरपार आत गेली असेल तर करण्यासारखे फारसे उरणार नाही. कुठवर गेली आहे ते वरचे सगळे निघाल्याशिवाय कळणार नव्हते.

"चपडा स्पिरिटने निघतो. दोन मिनिटांत," मिस्त्री म्हणाले.

"टेबलावरून. हिच्या भेगेत स्पिरिट उतरलं तर काय होईल? तुमच्या बोटाचं नख उपटून त्याखाली लांबी भरली आणि मग वर स्पिरिट ओतलं तर?"

मिस्त्री आपल्या बोटांकडे पाहत राहिले. एकोणीस वर्षांत या माणसाला पहिल्यांदाच काहीतरी समजत असल्यासारखे दिसले.

"याला दुखतं?" त्यांनी विचारले. मग म्हणाले, "हिला?"

"सगळं कळतं तिला. ते हाड आहे."

थर कोरडाच खरवडायला हवा होता, एका वेळी कागदाएवढा पातळ पापुद्रा, दाब न देता. यंत्राच्या कंपाने भेग वाढण्याची भीती होती. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तुम्ही किती हात दिलेत, कुठे जाड आहे, कुठे पातळ, ते तुम्हालाच माहीत. तुमचा हात कसा आहे?"

"हाताला नाव ठेवायला जागा नाही," अक्का म्हणाली. "घोळ सगळा वर आहे, डोक्यात."

मला दुखणे कमी करणारे इंजेक्शन दिले. मिस्त्रींनी धुतलेले पाते हातात घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाठीकडे कमी बघा. मागचा उजवा पाय बघा. तो आत गेला की थांबायचं. बाहेर आला की पुढे."

मित्रांनो, त्या दुपारी मिस्त्रींनी आपला सर्वांत चांगला सांधा स्वतःच्या हाताने उकलला. मी पाय आत घेतला की पाते थांबे. मी थांबवले म्हणून ते थांबे. याआधी नऊ हात पॉलिश देताना मी नऊ वेळा हेच सांगितले होते. पाते एकदाही घसरले नाही. शेवटचा लांबीचा खडा निघाला तेव्हा त्या वासाने अक्का बाहेर गेली. मिस्त्री गेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सगळे धुतले, मऊ झालेले काढले आणि बारीक सळईने तळ चाचपला. एकदा, दोनदा, तीनदा.

"टणक आहे," त्या म्हणाल्या. "आरपार गेलेलं नाही."

मिस्त्री स्टुलावर बसले आणि रडले. मला त्याचा काही उपयोग नव्हता. पण पुढचे चौदा महिने त्यांनी जे केले त्याचा झाला. रोज पातळ केलेल्या आयोडीनने भेग धुणे. खाली भुशाऐवजी कोरडा, रोज बदललेला कागद. भेग भरून येईपर्यंत पाणी पाठीला लागू न देणे, आणि भरल्यावर कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत वीस मिनिटे. पाव बंद. पाने, गवत आणि त्यावर डॉक्टरीणबाईंनी दिलेली कॅल्शियमची पूड. अंगणावरचा अर्धा पत्रा काढून खरे ऊन आणि शेजारी सावली. पाठीला तेल नाही, क्रीम नाही, पॉलिश नाही. हे सगळे मिस्त्रींनी एका फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, कारण डोक्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास उरलेला नाही. या बाबतीत आमचे एकमत आहे.

पाठीवर आता एक खाच आहे, रंग मातकट आहे आणि कडांना नव्या वाढीची फिकट रेघ आली आहे. ही पाठ कोणाला सुंदर वाटत नाही. परवा एक गिऱ्हाईक अंगणात डोकावून म्हणाले, "मिस्त्री, याचं पॉलिश उडालं वाटतं?"

"काढलं. मीच काढलं."

"परत कधी करताय?"

"करायचं नसतं ते. तुमची खुर्ची झालीय, बघून घ्या."

गिऱ्हाईक हसले आणि जाता जाता माझ्या पाठीवर टकटक करून गेले. तुमच्यात असे पुष्कळ असतात.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कासव असेल आणि त्याची पाठ कोरडी दिसली, तर आधी त्याचे ऊन, पाणी आणि खाणे तपासा. भेग दिसली तर ती बुजवू नका, डॉक्टरकडे न्या. पाठीला हात लावायचाच असेल तर डोळे त्याच्या पायांवर ठेवा. पाय आत गेला की हात काढून घ्या. आम्ही एवढेच बोलतो, आणि ते समजायला फार बुद्धी लागत नाही. तेवढीही नसेल, तर तुम्ही एक चांगलेसे टेबल पाळा.